मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो? आधी बोल्ट सोडून बाकी सगळं बघा

पाटा म्हणजे चाकाचा धक्का सोसणारा लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा (लीफ स्प्रिंग), त्यातल्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. सेंटर बोल्ट म्हणजे त्या गठ्ठ्याच्या मधोमध आरपार जाणारा बोल्ट. सव्वा वर्षात आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या पाट्याचा हा बोल्ट तीनदा तुटला. पहिल्यांदा मेळघाटात, सेमाडोहहून हरिसालकडे जाताना. दुसऱ्यांदा आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावर. आणि तिसऱ्यांदा आमच्याच शेताच्या पांदणीत, घर दीड किलोमीटरवर असताना. लाज वाटली ती तिसऱ्या वेळी. जंगलात तुटला की लोक विचारपूस करतात, पांदणीत तुटला की हसतात.

गाडी म्हणजे जुनी डबल केबिन, फोर बाय फोर पिकअप. कंपनीचं नाव देत नाही, कारण कंपनीने बसवलेलं काहीच तुटलं नाही. तुटलं ते आम्ही बसवलेलं. आठ-आठ दिवस घराबाहेर राहता यावं म्हणून मागच्या हौदावर कॅनोपी चढवली, टपावर तंबू बसवला. आत 90 लिटरची पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, छोटा फ्रिज, दोन स्टेपनी, डिझेलचे दोन कॅन. मोठे टायर घासू नयेत म्हणून मागे पाटे आणि ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मध्ये 2 इंची ब्लॉक, म्हणजे लोखंडी ठोकळे, घातले आणि त्यासाठी लांब यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) करून घेतले. या शेवटच्या ओळीतच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, पण ते कळायला मला तीन बोल्ट लागले.

तुटलाय हे ओळखायचं कसं

सेंटर बोल्ट तुटला की गाडी लगेच बसत नाही. उलट बराच वेळ कळतच नाही. आधी कधीतरी मागून एकच "टक्" येतो. क्लच सोडताना एक, ब्रेक दाबल्यावर एक. शॅकलचा (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचा) बुश गेला असेल असं म्हणून आपण पुढे जातो. मग सरळ डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग किंचित एका बाजूला धरून ठेवावं लागतं. आमचं डावं चाक मागे सरकलं होतं, त्यामुळे स्टेअरिंग डावीकडे धरलं तरच गाडी सरळ जायची. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने सांगितलं, "भाऊ, तुमची गाडी खेकड्यासारखी तिरपी चालून राह्यली." अलाइनमेंटच्या यंत्रापेक्षा हे निदान स्वस्त आणि अचूक होतं.

खात्री करायची तर मोजपट्टी घ्या. पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाट्याचं टोक जिथे चासीला अडकतं तिथल्या) बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. आमच्या गाडीत डावीकडे 22 मिलिमीटर जास्त भरलं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत चालून जातो. पाचच्या वर गेला तर गाडीखाली झोपून बघाच. ब्लॉकच्या कडेला ताजी चकाकी दिसते, जणू कुणी कानस मारली आहे. लोखंडावर लोखंड सरकल्याची ती खूण. गंजलेल्या, चिखलाने माखलेल्या सगळ्या भागात तेवढीच एक रेघ चमकत असते.

मी काय काय चुकीचं केलं

पहिल्या वेळी बोल्ट बदलला. एवढंच. शंभर-सव्वाशे रुपयांचा बोल्ट, जुना झाला असेल, तुटला असेल.

दुसऱ्या वेळी दोष काळ्या मातीला दिला. आमच्याकडे हे सोपं असतं, काहीही बिघडलं तरी काळ्या मातीच्या नावावर खपतं. पाऊस पडला की ही माती फुगते, चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. पाट्यांच्या फटीत ती शिरते हे खरं, पण बोल्ट तोडण्याइतकी ताकद तिच्यात नाही. मग वाटलं, बोल्ट कच्चा असावा. म्हणून हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा, बोल्ट घातला. तो जास्त टिकला आणि तेच नडलं. तो तुटेपर्यंत त्याच्या डोक्याने खालच्या ब्लॉकचं गोल भोक अंड्यासारखं लांबट करून टाकलं होतं. म्हणजे 150 रुपयांचं दुखणं मी ब्लॉकवर ढकललं.

तिसऱ्या वेळी गाडी परतवाड्याला नेली. तिथे पाट्यांचंच काम करणारे एक काका आहेत. उन्हाळ्यात कापडाची कनात लावून भट्टीशेजारी बसतात. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, दोन मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "बापू, बोल्ट कायले बदलवून राह्यला तू? थो बोल्ट वजन नाही उचलत. थो फक्त जागा दाखवते. धरून ठेवाचं काम यू-बोल्टाचं, अन् तुये यू-बोल्ट तं हातानं फिरून राह्यले."

खरोखर फिरत होते. डावीकडच्या चारपैकी दोन नट मी बोटांनी अर्धा आटा फिरवले.

सेंटर बोल्टचं खरं काम

पाट्यांचा गठ्ठा एकत्र ठेवणं आणि जोडणी करताना ॲक्सल नेमकं कुठे बसवायचं ते दाखवणं, एवढंच सेंटर बोल्टचं काम. एकदा यू-बोल्ट कसले की पाटे आणि ॲक्सल यांना जागेवर ठेवतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. घर्षण येतं दाबातून आणि दाब येतो यू-बोल्टच्या ताणातून.

हा दाब किती असतो ते आकड्यांत बघितलं तेव्हा मी जरा हादरलोच. आमच्या गाडीचे यू-बोल्ट 14 मिलिमीटरचे, कसायचा टॉर्क, म्हणजे नट पिळायचा जोर, साधारण 125 न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांवर एवढ्या टॉर्कला यू-बोल्टच्या एका दांडीत (यू च्या एका पायात) अंदाजे साडेचार टनांचा ताण येतो. एका बाजूला चार दांड्या, म्हणजे जवळपास 18 टन. एवढ्या दाबाखाली ॲक्सल हलत नाही. चाक खड्ड्यात आपटलं की जो धक्का मागे ढकलतो तो सगळा घर्षणातच जिरतो, सेंटर बोल्टपर्यंत पोचतच नाही.

आता गंमत बघा. एवढा 18 टनांचा दाब उभा असतो तो दांडीच्या ताणण्यावर. 200 मिलिमीटर लांबीची दांडी तेवढ्या ताणाला जेमतेम 0.3 मिलिमीटर लांबते. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं म्हणा. म्हणजे ब्लॉक आणि पाटा यांच्यामध्ये 0.3 मिलिमीटर जाडीचं काही असेल आणि ते दबून बसलं, झिजलं किंवा पिचून बाहेर आलं, तर नट एक अंशही न फिरता सगळी पकड जाते. नट ढिले झाले म्हणून पकड गेली असं नेहमी नसतं. कधी पकड आधी जाते आणि नट मागाहून फिरायला लागतात.

पकड गेली की प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल थोडं मागे, प्रत्येक गिअरला थोडं पुढे. मध्ये एकटा सेंटर बोल्ट. हातोडीचे हजारो ठोके खाऊन तो थकतो आणि एक दिवस डोक्याखाली सरळ कापला जातो. तुटलेला भाग बघितला तर अर्धा गुळगुळीत, काळपट आणि अर्धा खरबरीत, चमकदार दिसेल. काळपट भाग जुनी चीर, चमकदार भाग शेवटचा ठोका. आमच्या तिन्ही बोल्टांवर दोन तृतीयांश काळपट होतं. म्हणजे ते बरेच दिवस तुटत होते, आम्ही फक्त शेवटच्या दिवसाचे साक्षीदार.

आमच्याकडे पकड का जात होती

काकांनी गठ्ठा खोलला तेव्हा एक नाही, तीन कारणं निघाली.

पहिलं, ट्यूबचे तुकडे. ब्लॉक बसवले तेव्हा पाट्यांचा करकर आवाज येत होता. ज्या दुकानात काम केलं तिथल्या पोराने जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून ब्लॉक आणि पाट्याच्या मध्ये घातले. आवाज बंद झाला, मी खूश, वरून पन्नास रुपये चहाला दिले. दोन मिलिमीटर रबर! वरच्या हिशेबात बसवून बघा. पहिल्याच आठवड्यात ते दबलं असणार.

दुसरं, रंग. ब्लॉक गंजू नयेत म्हणून मीच त्यांना तीन-चार हात ऑइल पेंट दिला होता. ब्लॉकच्या वर-खालीही आणि ॲक्सलच्या बैठकीवरही, म्हणजे ब्लॉक जिथे टेकतो तिथे. दोन्ही बाजूंचा मिळून 0.25-0.3 मिलिमीटरचा थर सहज झाला असेल. जिथे लोखंड लोखंडावर बसतं तिथे रंग नको, हे आता मी भिंतीवर लिहून ठेवायच्या तयारीत आहे. बाजूंना कितीही लावा.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, यू-बोल्ट. लांब यू-बोल्ट बाजारात पटकन मिळाले नाहीत म्हणून गावातल्या लेथवर साधी सळी तापवून, वाकवून, त्यावर आटे पाडून घेतले होते. साधं लोखंड साधारण 250 मेगापास्कलच्या ताणाला कायमचं लांबतं. 8.8 दर्जाचा (डोक्यावर 8.8 लिहिलेला मजबूत) बोल्ट 640 पर्यंत परत मूळ लांबीवर येतो. आमच्या गाडीला हवा तेवढा टॉर्क लावला तर आट्यांच्या जागी ताण 380-390 च्या आसपास जातो. म्हणजे आमचे यू-बोल्ट कसताना कसले जातच नव्हते, गूळ ताणल्यासारखे लांबत होते. लेथवाल्याची चूक नाही. त्याला मी सांगितलं ते त्याने केलं. गावात ट्रॉलीच्या फाळक्याला अशीच सळी वापरतात आणि तिथे ती चालते.

आता प्रश्न उरला, दर वेळी डावीच बाजू का? याचं उत्तर धरमकाट्यावर मिळालं. जूनमध्ये आमच्या भागातल्या जिनिंगचा काटा रिकामा असतो. कापसाच्या हंगामात तिथे गाडी लावायला गेलात तर गाड्यांची रांग तुम्हाला हाकलून देईल. प्रवासाला निघतो तेवढं सगळं सामान, भरलेली टाकी, दोन माणसं घेऊन आधी पूर्ण गाडी तोलली, मग मागची दोन चाकं, मग मागचं एकेक चाक. एकूण वजन कागदावरच्या मर्यादेच्या 40 किलो आत. छाती फुगली. पण मागच्या डाव्या चाकावर 930 किलो, उजव्यावर 790. पाण्याची टाकी, फ्रिज आणि दुसरी बॅटरी, तिन्ही मी डावीकडे लावली होती, कारण उजवीकडे झोपायचा फळा उघडतो. जमिनीला समतल काटा असेल तर एकेक चाक तोलता येतं, अंदाज पुरेसा येतो. गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. एकूण वजनाचा आकडा पाहून समाधान मानू नका.

दुरुस्ती, जशी शेवटी केली

आधी सावधानता. सेंटर बोल्ट काढला की पाट्यांचा गठ्ठा उघडतो आणि तो जोरात उघडतो. दोन्ही बाजूंना एकेक सी-क्लॅम्प (सी आकाराचा शिकंजा) लावल्याशिवाय बोल्टचा नट सोडू नका आणि तोंड गठ्ठ्याच्या वर आणू नका. चासी (गाडीचा सांगाडा) घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. काळ्या जमिनीवर काम करत असाल तर जॅकखाली सागाची जाड फळी हवीच. ओल्या रानात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.

डावीकडची बैठक आणि पाट्याचा तळ ब्रशने घासून निव्वळ लोखंडावर आणला. लांबट झालेलं भोक वेल्डिंगने भरायचा मोह होतो. ॲक्सलच्या नळीवर जोराची वेल्डिंग केली तर ती वाकू शकते, आणि पाट्यावर केली तर त्याचं पाणी उतरतं, तो पाटा मग स्प्रिंग राहत नाही, नुसती पट्टी राहते. आमचं भोक ब्लॉकमध्ये होतं म्हणून वाचलो, ब्लॉकच भंगारात गेला.

हो, ब्लॉक मी काढून टाकले. काका म्हणाले होते, चांगले ओतीव ब्लॉक आणि नीट यू-बोल्ट आणून दिले तर बसवून देतो. पण ब्लॉक म्हणजे सरकायला एकाऐवजी दोन जागा. शिवाय गाडीची उंची बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येणारा फेरबदल आहे, पासिंगच्या वेळी तो प्रश्न होताच. थकलेले दोन पाटे बदलून, बाकीच्यांना परत कमान देऊन मूळ उंची आणली आणि कंपनीच्या मापाचे नवे यू-बोल्ट, नवे नट घातले. जुना यू-बोल्ट कितीही चांगला दिसला तरी परत वापरू नका. एकदा ताणलेली दांडी दुसऱ्यांदा तशी पकडत नाही. टायर एक साइज लहान केले. गाडी जरा बुटकी दिसते.

कसण्याचा क्रम महत्त्वाचा. गाडी चाकांवर उभी, वजन पाट्यांवर. मग तिरप्या जोडीने, आधी 40, मग 80, मग 125. हा आकडा आमच्या गाडीचा, तुमच्या गाडीचा तिच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं असेल तर त्याच टॉर्कला ताण कितीतरी जास्त येतो, म्हणून पुस्तकात कोरडे लिहिले असतील तर कोरडेच ठेवा.

टॉर्क पाना नाही? आमच्याकडेही नव्हता. कापूस वेचणीची मजुरी किलोवर द्यायची असते म्हणून घरोघरी टांगायचा काटा असतो. तो घ्या. नटच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर नळीला काट्याचा हूक अडकवा, नळीशी काटकोन ठेवून ओढा. काटा 12 किलो 700 ग्रॅम दाखवेल तेव्हा 125 न्यूटन-मीटर झाले. काका हे बघून हसले, पण नंतर त्यांनी त्यांचा स्वतःचा अंदाज या काट्यावर तपासून घेतला. त्यांचा हात 120 ते 130 च्या मध्येच निघाला. चाळीस वर्षांचा हात आहे, आपला नाही.

50 किलोमीटरवर परत कसा, 500 वर परत कसा. नवे पाटे, नवी बैठक थोडी बसतेच. त्यानंतर प्रत्येक प्रवासाआधी नुसती नजर टाकायची. त्यासाठी नट आणि त्याच्याखालच्या प्लेटवरून एक सरळ रेघ ओढून ठेवा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला लाल ऑइल पेंट डब्याच्या तळाशी उरतो, तोच मी वापरला. रेघ तुटली की नट फिरला. मात्र वर सांगितलं तसं, नट न फिरताही पकड जाते, म्हणून रेघेवर विसंबून पाना बाजूला ठेवू नका.

रस्त्यात तुटला तर

आलापल्लीच्या पुढे आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तिथे मदत यायला वेळ लागतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम बघायचा होता, तो त्या दिवशी राहिला. मागे सरकलेलं ॲक्सल पुढे आणायला यू-बोल्ट सैल केले, पुढच्या हँगरला रॅचेट पट्टा बांधून ॲक्सल पुढे ओढलं आणि पहारीने कडेने रेटलं. तुटलेल्या बोल्टची शेपटी खालून ठोकून काढली. गठ्ठ्याच्या भोकातून निमुळती सळी घालून भोकं जुळवली, मग सी-क्लॅम्प आवळून नवा बोल्ट घातला. तीन तास. गाडीत दोन सेंटर बोल्ट, दोन सी-क्लॅम्प, एक निमुळती सळी आणि एक मीटर नळी, एवढं असलं तर माणूस घरी येतो. नवा बोल्ट नसेल तर ॲक्सल जागेवर आणून यू-बोल्ट शक्य तितके कसा, पाणी सोडून द्या, सामान हलकं करा आणि 20-25 च्या वेगाने जवळचं गाव गाठा. दर पाच किलोमीटरला उतरून नट बघा. सेंटर बोल्टच्या जागी वेल्डिंग मारून देतो असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन पुढे निघा.

आणखी एक गोष्ट, जी बोल्टशी नाही पण ब्लॉकशी निगडित आहे आणि जीवावर बेतू शकते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एक सळई जोडलेली असते, तिचं दुसरं टोक चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला. गाडी भरली की चासी खाली बसते, सळई व्हॉल्व्ह ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. ब्लॉक घालून चासी 2 इंच वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर. चिखलदऱ्याचा घाट उतरताना आमचे पुढचे ब्रेक तापून वास यायचा, तो मी पॅडच्या माथी मारत होतो. ब्लॉक ठेवणार असाल तर ही सळई त्या प्रमाणात जुळवून घ्या, जुळवल्याशिवाय घाटात जाऊ नका. बरोबरीने ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जातेय का तेही बघा.

टाकी आता मधोमध, केबिनच्या भिंतीला लागून आहे आणि 60 लिटरची आहे. काट्यावर मागची दोन चाकं आता 15 किलोंच्या फरकाने तुलतात. नव्या जोडणीनंतर साडेतीन हजार किलोमीटर झाले, त्यात मेळघाटच्या दोन फेऱ्या आणि एक भामरागड. संगम बघितला. डावीकडच्या चारही रेघा जागेवर आहेत. उजवीकडे मागच्या बाजूचा एक नट हरिसालहून परत आल्यावर रेघेपासून दोन मिलिमीटर हललेला दिसला. रविवारी तिकडचा गठ्ठा उघडणार आहे. तिकडच्या बैठकीवरचा रंग घासलाच नव्हता, हे आत्ता लिहिताना आठवलं.